कॉल एक, तास पावणेतीन

रात्रीचे २ वाजून १४ मिनिटं. नियंत्रण कक्षात फोन वाजतो. शहरापासून लांबच्या वस्तीवर एका वृद्धाच्या छातीत दुखतंय. दोन मिनिटांत रुग्णवाहिका निघते, पावणेतीनला पोचते. तपासणी करून, अरुंद जिन्यावरून स्ट्रेचर उतरवून निघेपर्यंत सव्वातीन होतात. रुग्णालय गाठायला चार. तिथे खाट रिकामी होईपर्यंत रुग्ण स्ट्रेचरवरच, म्हणजे गाडीही अडकलेलीच. मग स्ट्रेचर पुसायचं, ऑक्सिजनचा सिलिंडर बदलायचा, कागद भरायचे. गाडी आपल्या ठिकाणी परत उभी राहते तेव्हा पाच वाजलेले असतात.

नोंदवहीत याची नोंद होते: कॉल १. शहरात पाऊण तासात उरकलेल्या कामाचीही नोंद तीच.

रुग्णवाहिकांचा भार कॉलच्या संख्येवरून ठरवला की ग्रामीण भागावर अन्याय होतो, तो इथूनच. समजा, शहरातल्या एका गाडीला दिवसाला १२ कॉल येतात आणि प्रत्येकाला ५० मिनिटं लागतात. एकूण १० तास. गावाकडच्या गाडीला चारच कॉल, पण प्रत्येक पावणेतीन तासांचा. एकूण ११ तास. कॉल एक तृतीयांश, काम मात्र जास्त! म्हणून गाडी जितके तास सेवेत होती, त्यांपैकी किती तास कामात गुंतली होती, हे गुणोत्तर पाहायला हवं. घड्याळ सुरू करायचं कॉल मिळाल्यापासून आणि थांबवायचं गाडी पुढच्या कॉलसाठी मोकळी झाल्यावर.

पण एवढ्यानेही भागत नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले गणिती आग्नर एर्लांग यांना प्रश्न पडला होता की एकाच वेळी अनेकांनी फोन केले तर किती तारा पुरतील? १९१७ मध्ये त्यांनी मांडलेलं सूत्र रुग्णवाहिकांनाही लागू पडतं, कारण आजारपणही फोनसारखंच वेळ ठरवून येत नाही. एखाद्या भागात एकच गाडी असेल आणि ती ३० टक्के वेळ कामात असेल, तर सरासरी दर १० पैकी ३ कॉलना ती जागेवर सापडणार नाही. शहरात एकमेकींच्या मदतीला धावणाऱ्या १० गाड्या असतील, तर प्रत्येकीवर साधारण तेवढाच भार असूनही दहाच्या दहा गुंतलेल्या असण्याची शक्यता हजारात एकापेक्षा कमी. टक्केवारी सारखी, पण गावातल्या माणसाच्या वाट्याला येणारा धोका कितीतरी मोठा. हृदय बंद पडलेल्या माणसाला छातीदाब आणि विजेचा झटका मिळाला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. शेजारच्या रुग्णवाहिका-ठाण्यातली गाडी येईपर्यंत किती मिनिटं जातील, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

त्यामुळे ‘ती गाडी तर बसूनच असते’ हे वाक्य मला फार खटकतं. गावातली गाडी उभी असते तेव्हा ती पहारा देत असते, आणि तेही तिचं कामच आहे.

काही काम तर कुठेच उमटत नाही. शहरातल्या गाड्या गुंतल्या की वेशीबाहेरची गाडी नाक्यावर आणून उभी करतात. तासभर ती तिथे थांबते, कॉल येत नाही, ती परत जाते. कॉलच्या रकान्यात शून्य. त्या तासात तिचं स्वतःचं ठाणं मात्र रिकामं होतं.