डूलॅली: देवळालीचा ताप इंग्रजांच्या डोक्यात

माझा मावसभाऊ मँचेस्टरला असतो, मागच्या महिन्यात फोनवर सांगत होता की ऑफिसातली एक बाई तिच्या म्हाताऱ्या शेजाऱ्याबद्दल बोलताना म्हणाली, ही हॅज गॉन डूलॅली, म्हणजे डोकं फिरलंय त्यांचं. त्याला वाटलं तिकडचाच काहीतरी गावठी शब्द असेल. मी म्हटलं, अरे हे आपलं देवळाली, नाशिकजवळचं, तुझी आत्या राहते ते! त्याला थापच वाटली, पण खरंच तसं आहे.

छावणी म्हणजे काय हे आम्हा इंदूरवाल्यांना सांगायला नको, महू हाकेच्या अंतरावर आहे. तशीच एक लष्करी छावणी इंग्रजांनी १८६१ च्या सुमारास देवळालीला बसवली, आणि पुढे ती येणाऱ्या-जाणाऱ्या गोऱ्या शिपायांचा मुक्काम झाली. नोकरीची मुदत संपलेला शिपाई तिथे यायचा आणि मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाची वाट बघत बसायचा. पण फौजेची जहाजं सुटायची हिवाळ्याच्या मोसमात, त्यामुळे मोसम संपता संपता जो आला तो पुढचे कित्येक महिने तिथेच अडकला. नोकरी संपलेली म्हणून काम नाही, घर हजारो मैल लांब, वरून उन्हाळा, दारू, मारामाऱ्या, मलेरिया. चांगली धडधाकट माणसं तिथे बिघडायची. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या शिपायाने १९३६ साली छापलेल्या आठवणींत हे सगळं लिहून ठेवलंय, वाचून वाईट वाटतं.

मूळ शब्द नुसता डूलॅली नव्हताच, तो होता ‘डूलॅली टॅप’. हा टॅप म्हणजे नळ नाही, आपला ताप! शिपायांनी तो हिंदुस्तानीतून उचलला, फारसीत तापाला तब म्हणतात आणि संस्कृतात ताप म्हणजे उष्णता. इंग्रजीतला टेपिड, म्हणजे कोमट, हाही त्याच जुन्या धातूतून लॅटिनमार्गे आलेला. म्हणजे डूलॅली टॅप हा देवळालीचा ताप, आणि आपण मराठीत अजूनही म्हणतोच की, डोक्याला ताप झालाय नुसता. पुढे इंग्रजांनी शेपूट गाळलं, गावाचं नाव तेवढं उरलं, अर्थही सौम्य झाला, आता थोडंसं विसरायला लागलेल्या आजोबांनाही डूलॅली म्हणतात.

उच्चार का बदलला तेही सोपं आहे. ळ इंग्रजीत नाहीच, त्याचा ल झाला, आणि मधला व उकारात विरघळला. परका शब्द आपल्या जिभेच्या साच्यात बसवायच्या या सवयीला भाषाशास्त्रात हॉब्सन-जॉब्सनचा नियम म्हणतात, कारण मोहरममधला ‘या हसन, या हुसेन’ हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या तोंडी चक्क हॉब्सन-जॉब्सन झाला होता.

आता आमच्या महूचं बघा. मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर या चार शब्दांच्या पहिल्या अक्षरांतून महू (इंग्रजीत Mhow) झालं असं इथे कोणीही छातीठोक सांगतो, मीही शाळेत तेच ऐकलं, आणि ते साफ चूक आहे. छावणी १८१८ ची, जॉन माल्कम या इंग्रज सेनाधिकाऱ्याच्या वेळची, गावाचं नाव त्याआधीचं, आणि आद्याक्षरं जोडून शब्द बनवायची फॅशन खरी फोफावली ती विसाव्या शतकात. देवळालीची गोष्ट टिकते कारण तिच्या मागे गाव आहे, ताप आहे आणि तिथे राहिलेल्या शिपायाचं लिखाण आहे.

बराकींतून असे बरेच शब्द तिकडे गेले, ‘देखो’चा डेको झाला, म्हणजे जरा नजर टाकणं. माझ्या मनाला सगळ्यात लागतो तो ब्लायटी. ब्लायटी म्हणजे मायदेश, इंग्लंड, आणि तो आलाय आपल्या ‘विलायती’वरून. देवळालीला खाटेवर पडून जहाजाचे दिवस मोजणाऱ्या त्या पोरांनी घराला हाक मारली तीही इथल्याच शब्दाने.