पुळी आजची, सुरुवात दोन महिन्यांपूर्वीची

गालावर आज दिसणारी पुळी बहुतेक वेळा कित्येक आठवडे आधी, कधी कधी दोन महिने आधी सुरू झालेली असते. त्वचेखाली ती तेव्हापासून आकार घेत असते, आरशात मात्र शेवटच्या काही दिवसांतच दिसते. मुरमांसाठीचा आहार आणि घरगुती उपाय यांबद्दलचे बरेचसे गैरसमज या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे पसरले आहेत, असं मला वाटतं. काल रात्री चॉकलेट खाल्लं आणि सकाळी पुळी आली, की दोष चॉकलेटचा. पुळीवर काहीतरी चोपडलं आणि ती चार दिवसांत बसली, की श्रेय त्या लेपाचं. पण ती पुळी लेप न लावताही बसणारच होती.

त्वचेवरच्या प्रत्येक केसाच्या मुळाशी एक तैलग्रंथी असते. चेहरा, छाती आणि पाठ इथे या ग्रंथी मोठ्या असतात आणि जास्तही असतात. वयात येताना मुलगा असो वा मुलगी, दोघांच्याही शरीरात अँड्रोजन गटातली हार्मोन्स वाढतात, आणि ग्रंथी जास्त तेल बनवू लागतात. या तेलाला सीबम म्हणतात. त्याच वेळी केसाच्या नळीच्या आतल्या भिंतीवरच्या मृत पेशी नेहमीसारख्या सुट्या होऊन बाहेर पडत नाहीत, एकमेकींना चिकटून राहतात. तेल आणि पेशींचं हे बूच सुरुवातीला इतकं सूक्ष्म असतं की डोळ्यांना दिसतच नाही. बूच बसलेल्या नळीत हवा पोचत नाही, तेल मात्र भरपूर असतं. क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस या जिवाणूला अशी जागा मानवते. हा जिवाणू निरोगी त्वचेवरही राहतो, पण इथे तो वाढला की प्रतिकारशक्ती जागी होते आणि लाली, सूज, पू दिसू लागतो.

ब्लॅकहेडचा काळा रंग मळाचा नसतो. बुचाचं तोंड उघडं असलं की त्यातलं मेलॅनिन आणि हवेशी संयोग झालेले तेलकट घटक काळपट दिसतात. म्हणून चेहरा घासून धुतल्याने काही साधत नाही. सौम्य क्लिन्झरने दिवसातून दोनदा धुणं पुरेसं आहे. त्याहून जास्त घासलं तर त्वचा सोलवटते आणि आतली सूज वाढते.

मग यात जेवणाचा संबंध कुठे येतो? तो मुख्यतः इन्शुलिनच्या वाटेने येतो. साखर, मैद्याचे पदार्थ, गोड पेयं पोटात गेली की रक्तातली साखर झपाट्याने वाढते आणि तिच्यामागोमाग इन्शुलिनही. इन्शुलिन वाढलं की आयजीएफ-1 नावाच्या वाढ-घटकाची क्रियाही वाढते. हे दोघे मिळून तैलग्रंथींना जास्त तेल बनवायला लावतात आणि नळीतल्या पेशींची वाढ वेगाने घडवतात. शिवाय अँड्रोजनला रक्तात बांधून ठेवणारं एक प्रथिन यकृतात तयार होतं. इन्शुलिन जास्त असलं की ते कमी बनतं आणि मोकळं अँड्रोजन वाढतं. वयात येताना आयजीएफ-1 नैसर्गिकरीत्याच उंच पातळीवर असतं, आणि मुरमांचा बहरही त्याच वयात असतो.

या साखळीचा मला सर्वांत पटणारा पुरावा एका दुर्मीळ जनुकीय आजारातून मिळतो. लॅरॉन सिंड्रोम असलेल्या माणसांच्या शरीरात वाढीच्या हार्मोनचं काम होत नाही, त्यामुळे आयजीएफ-1 अत्यंत कमी असतं. त्यांची उंची फार वाढत नाही. त्यांना मुरमं सहसा येत नाहीत, आली तरी किरकोळ असतात. पण यांतल्या काहींना उपचार म्हणून आयजीएफ-1 दिलं गेलं आणि त्याचं प्रमाण जास्त झालं, तेव्हा मुरमं उगवली. औषध थांबवल्यावर ती गेली.

दुसरी ठळक नोंद 2002 सालची आहे. अमेरिकन संशोधक लॉरेन कॉर्डेन आणि सहकाऱ्यांनी पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावरची 1200 माणसं आणि पराग्वेतल्या आचे जमातीची 115 माणसं यांची त्वचा तपासून आलेले निष्कर्ष प्रसिद्ध केले. किटावावरच्या पाहणीत 15 ते 25 वयाचे तीनशे तरुण-तरुणीही होते. कोणाच्याच चेहऱ्यावर मुरूम सापडला नाही. किटावाच्या लोकांचं खाणं कंदमुळं, फळं, मासे आणि नारळ असं होतं. साखर आणि मैदा जवळपास नव्हताच. अर्थात एवढ्यावरून सगळं श्रेय खाण्याला देता येत नाही. जनुकं, ऊन, श्रम, राहणीमान, सगळंच वेगळं होतं. मुरमांमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, हे तर जुळ्यांच्या अभ्यासांतून स्पष्ट झालेलं आहे.

म्हणून प्रत्यक्ष प्रयोग महत्त्वाचा ठरतो. ऑस्ट्रेलियात 15 ते 25 वयाच्या 43 तरुणांवर असा प्रयोग झाला आणि 2007 मध्ये तो प्रसिद्ध झाला. एका गटाला प्रथिनं थोडी वाढवलेला आणि रक्तातली साखर हळू वाढवणारा आहार दिला, दुसऱ्या गटाचं खाणं नेहमीसारखं पिष्टमय ठेवलं. बारा आठवड्यांनी पहिल्या गटातल्या मुरमांची संख्या सरासरी 23 च्या आसपास घटली, दुसऱ्या गटात 12 ने. फरक स्पष्ट आहे. पण दोन गोष्टी नजरेआड करू नयेत. पहिल्या गटाचं वजनही कमी झालं होतं, त्यामुळे फायदा नेमका कशाचा हे सांगणं अवघड आहे. आणि दुसऱ्या गटाने काहीच वेगळं केलं नव्हतं, तरी त्यांचीही मुरमं कमी झाली. कुठल्याही लेपाचं किंवा काढ्याचं कौतुक ऐकताना हा दुसरा गट आठवावा. काही न करता जेवढं बरं वाटतं, त्याच्या वर जे असेल तेवढंच उपायाचं.

चॉकलेटची गोष्ट इथेच सांगायला हवी. 1969 साली अमेरिकेत 65 जणांना काही आठवडे चॉकलेटची वडी आणि काही आठवडे चॉकलेट नसलेली, पण तशीच दिसणारी वडी देऊन पाहिली गेली. फरक आढळला नाही. त्यानंतर कित्येक दशकं खाण्याचा आणि मुरमांचा संबंधच नाही, असं डॉक्टर सांगत राहिले. पण त्या दुसऱ्या वडीतही साखर आणि स्निग्धांश जवळपास तेवढेच होते, आणि प्रत्येक वडी जेमतेम चार आठवडे दिलेली होती. म्हणजे प्रश्न विचारला होता कोकोचा, उत्तर लावलं गेलं सगळ्या आहाराला. शिवाय पुळी बनायला लागणारा काळ पाहता चार आठवडे कमीच.

दुधाचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या 47,355 परिचारिकांना त्यांच्या शाळकरी वयातल्या खाण्याबद्दल विचारलं गेलं होतं. जास्त दूध पिणाऱ्यांमध्ये तीव्र मुरमांचं प्रमाण जास्त होतं, आणि सर्वांत जास्त संबंध साय काढलेल्या दुधाशी दिसला: ते जास्त पिणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे 44 टक्के जास्त होतं. म्हणजे दोष दुधातल्या चरबीचा नसावा. दूध रक्तातली साखर फारशी वाढवत नाही, पण इन्शुलिन मात्र चांगलंच वाढवतं, आणि त्यातली व्हे प्रथिनं (दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्यातली) या बाबतीत विशेष प्रभावी आहेत. व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांनी व्हे पावडर सुरू केल्यावर मुरमं उसळली आणि ती बंद केल्यावर ओसरली, अशा नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. तरीही परिचारिकांचा तो अभ्यास आठवणींवर आधारलेला होता, आणि संबंध दिसणं म्हणजे कारण सापडणं नव्हे. माझं मत असं: व्हे पावडर घेत असाल तर आधी ती थांबवून पाहा. वाढत्या वयाच्या मुलांचं दूध मात्र कॅल्शियम आणि प्रथिनांची दुसरी सोय केल्याशिवाय तोडू नका.

बी-12 जीवनसत्त्वाचे मोठे डोस घेतल्यानेही काहींना पुरळ येतो. त्वचेवरचा जिवाणू बी-12 जास्त मिळाल्यावर आपलं रसायनशास्त्र बदलतो आणि सूज आणणारे पॉर्फिरिन जास्त बनवतो, असं 2015 च्या एका संशोधनात दिसलं. गरज म्हणून डॉक्टरांनी बी-12 दिलं असेल तर ते परस्पर बंद करू नये, पण हौसेने घेत असलेल्या गोळ्यांकडे एकदा पाहावं.

आता ताटात काय असावं? अख्खी धान्यं, डाळी आणि कडधान्यं, भाज्या, सबंध फळं, मासे, सुकामेवा. गोड पेयं, मिठाई, पांढरा ब्रेड जितका कमी तितकं बरं. यात मुरमांसाठी खास असं काही नाही, आणि म्हणूनच मला हा सल्ला द्यायला संकोच वाटत नाही. चेहऱ्याला फरक पडला नाही तरी बाकीच्या शरीराला पडतोच. मात्र पुरावा किती पक्का आहे हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मटॉलॉजीने 2024 मध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं अद्ययावत केली, तेव्हा साखर हळू वाढवणारा आहार, दुधाचं पथ्य आणि वनस्पतिजन्य उपाय यांपैकी कशाचीही ठाम शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असंच नोंदवलं.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. मुरमं आलेल्या मुलामुलींना घरात जेवताना बोलणी बसतात. हे खाऊ नको, ते खाऊ नको, म्हणून तर तोंड असं झालंय. त्या वयात चेहऱ्याची लाज आधीच जाळत असते, त्यात प्रत्येक घासाबद्दल अपराधी वाटू लागलं तर खाणंच बिघडू शकतं. साधारण 85 टक्के किशोर आणि तरुणांना मुरमं येतात. त्यांची चूक म्हणून येत नाहीत.

नैसर्गिक लेपांपैकी टी ट्री तेलाची बाजू सर्वांत भक्कम आहे. 1990 साली ऑस्ट्रेलियात 124 रुग्णांवर पाच टक्के टी ट्री तेल आणि मुरमांवरचं नेहमीचं औषध असलेलं पाच टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड यांची तुलना झाली. दोन्हींनी मुरमं कमी केली. टी ट्रीचा परिणाम हळू दिसला, पण दुष्परिणामांचा त्रास कमी झाला. हे तेल थेट, न मिसळता लावू नये, आणि बाटली फार दिवस उघडी राहिली तर ते हवेने बदलतं आणि अ‍ॅलर्जी देऊ शकतं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून दोन दिवस वाट पाहावी.

मधाबद्दल आशा होती. न्यूझीलंडमध्ये कनुका मधावर बारा आठवड्यांची चाचणी झाली, पण नुसत्या जंतुनाशक साबणापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. कोरफडीचा गर थंडावा देतो, तेवढ्यासाठी लावायला हरकत नाही.

लिंबाचा रस मात्र चेहऱ्यावर अजिबात नको. पीएच म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, तो जितका कमी तितकं आम्ल तीव्र. त्वचेचा पीएच साधारण 5 असतो, लिंबाच्या रसाचा 2 च्या आसपास. शिवाय लिंबूवर्गीय रस त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येऊ शकतात आणि त्यांचे डाग महिनोन्‌महिने राहतात. खाण्याचा सोडा उलट्या टोकाचा, अल्कधर्मी. तो त्वचेचं आम्लयुक्त आवरण बिघडवतो. टूथपेस्टने पुळी वाळल्यासारखी दिसते, पण भोवतालची कातडी जळते. खोबरेल तेल कोरड्या त्वचेला छान असलं तरी मुरमं येणाऱ्या चेहऱ्यावर ते रोमछिद्रं बुजवू शकतं.

नैसर्गिक आणि रासायनिक अशी भिंत उभी करण्यात अर्थ नाही, हे मला पुन्हापुन्हा जाणवतं. मुरमांवर वापरलं जाणारं अ‍ॅझेलेइक आम्ल गहू, राय आणि बार्ली या धान्यांत असतं. सॅलिसिलिक आम्लाची ओळख विलो झाडाच्या सालीतून झाली. फरक इतकाच, की क्रीममध्ये त्यांचं प्रमाण मोजलेलं असतं. जस्ताच्या गोळ्यांचा काहींना उपयोग होतो, पण 2001 च्या एका मोठ्या तुलनेत त्या मिनोसायक्लिन या प्रतिजैविकापेक्षा कमी पडल्या. जस्त जास्त काळ जास्त प्रमाणात घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं. अ जीवनसत्त्वाचे मोठे डोस तर स्वतःच्या मनाने कधीच घेऊ नयेत. ते यकृताला घातक असतात, आणि गरोदरपणात बाळाला.

काही करून पाहायचं असेल तर एका वेळी एकच बदल करा आणि त्याला बारा आठवडे द्या. रोज आरशाशी झुंजण्यापेक्षा आठवड्यातून एकदा, त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढा. आहार, लेप आणि गोळ्या एकदम सुरू केल्या तर काय लागू पडलं ते कधीच कळत नाही. या काळात पुळ्या फोडू नका. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेवर सूज अनेकदा मागे काळा डाग ठेवते आणि उन्हाने तो गडद होतो, म्हणून तेलविरहित सनस्क्रीन वापरा. चेहरा उजळवण्यासाठी कोणी सुचवलेली स्टेरॉइडयुक्त मलमं मात्र टाळा. त्यांनी आधी त्वचा नितळ दिसते आणि नंतर मुरमं जोरात उलटतात.

गाठी खोल आणि दुखऱ्या असतील, खड्डे पडू लागले असतील, मुरमांसोबत पाळी अनियमित होत असेल किंवा चेहऱ्यावर राठ केस वाढत असतील, तर बारा आठवडे थांबू नका. लगेच त्वचारोगतज्ज्ञांना भेटा, कारण एकदा पडलेला खड्डा कुठल्याही आहाराने भरून येत नाही, आणि तो पडण्याआधी थांबवणारी औषधं आज उपलब्ध आहेत.