सिरॅमिक कोटिंग, उष्ण व दमट हवेतलं (कोकण किनारपट्टी)

गाडीच्या रंगावर जो पारदर्शक क्लिअर कोट असतो त्याच्यावर हाताने लावायचा सिलिकायुक्त द्रवाचा पातळ थर, जो सुकून कडक झाला की पाणी आणि चिखल चटकन धरून ठेवत नाही. थर फार तर एक-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), खालचा कंपनीचा क्लिअर कोट साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, त्यामुळे खाली पॉलिश नीट झालेलं नसेल तर वरून कितीही भारी बाटली ओता, ओरखडे दिसतातच. धुणं, क्ले मारणं (चिकणमातीसारख्या गोळ्याने रंगावरचा चिकटलेला मळ काढणं), पॉलिश हे सगळीकडे सारखंच. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या पट्ट्यात वेगळं पडतं ते हवेमुळे.

या कोटिंगचं मूळ कुठे धरायचं यावर दोन मतं आहेत. एक पक्ष थेट 1840च्या दशकात जातो, फ्रेंच रसायनज्ञ एबेलमेन याने सिलिकाचं एक एस्टर दमट हवेत उघडं ठेवलं तेव्हा ते हळूहळू काचेसारखं घट्ट झालं, आणि आजची सायलेन-सिलॉक्सेन या सिलिकॉनच्या संयुगांवाली कोटिंग याच वाटेवरची, असं ते म्हणतात. दुसरा पक्ष 1921 सालावर बोट ठेवतो, त्या वर्षी आल्फ्रेड श्टॉक आणि सोमिएस्की या जर्मन रसायनज्ञांनी सिलिकॉन आणि नायट्रोजनची साखळी असलेले सिलाझेन पदार्थ बनवल्याचं कळवलं, आणि पुढे साधारण 1980-90च्या सुमारास जपानी उद्योगांनी त्यातून काचेसारखे थर द्यायला सुरुवात केली. गाडीच्या कोटिंगपुरतं बोलायचं तर दुसरं मत जास्त जवळचं वाटतं, निदान महागड्या बाटल्यांच्या बाबतीत. पण दोन्हीकडे क्रिया सुरू करतं ते हवेतलं पाणीच. सिलाझेनला पाणी मिळालं की नायट्रोजन अमोनियाच्या रूपात निघून जातो (काही कोटिंग लावताना नाकात जो हलका उग्र वास जातो तो हाच), सायलेनला मिळालं की अल्कोहोल सुटतं, आणि मागे सिलिकॉन-ऑक्सिजनची जाळी उरते.

आता वादाचा मुद्दा इथेच सुरू होतो. पाण्यानेच कडक होणारी वस्तू असेल तर कोकणातली दमट हवा चांगलीच की, असं काही जण म्हणतात आणि ते अगदीच चूक नाही, कोरड्या हवेत कोटिंग पक्कं व्हायला जास्त वेळ घेतं हे खरं. उलट बाजूचे लोक आर्द्रता मोजणाऱ्या हायग्रोमीटरवर 70 टक्क्यांच्या वर आकडा दिसला की कामच थांबवा म्हणतात. दोघंही आर्द्रतेच्या टक्क्यावर अडकलेत. 20 अंशाला 80 टक्के म्हणजे घनमीटरमागे साधारण 14 ग्रॅम पाणी, 30 अंशाला तेच 80 टक्के म्हणजे जवळपास 24 ग्रॅम. थंड देशात लिहिलेली बाटलीवरची सूचना वाचून रत्नागिरीत काम करणाऱ्याच्या वाट्याला त्याच टक्क्याला पावणेदोन पट पाणी येतं.

म्हणून जास्त भरवशाचं माप दवबिंदू. ज्या तापमानाला पत्र्यावर दव धरायला लागतं तो आकडा, आणि पत्रा त्याच्यापेक्षा निदान 3 अंश गरम असला पाहिजे असा औद्योगिक रंगकामातला जुना नियम आहे, तो इथेही चालतो. हवा 30 अंश, आर्द्रता 80 टक्के असेल तर दवबिंदू 26च्या जरा वर जातो, म्हणजे पत्रा 29-30च्या खाली असेल तर काम धोक्यात. जानेवारीच्या दुपारी 31 अंश आणि 50 टक्के असेल तर दवबिंदू 19-20च्या आसपास, तेव्हा भरपूर मोकळीक मिळते. वर आणखी एक गोष्ट, पॅनल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं की ते उडताना पत्र्याची उष्णता घेऊन जातं, पत्रा क्षणभर थंड होतो आणि काठावरची हवा असेल तर डोळ्याला न दिसणारा घाम धरतो, त्याच्यावर कोटिंग गेलं की दुधी झाक येते. पुसल्यावर चार मिनिटं थांबणं हा त्यावरचा फुकटचा उपाय.

उष्णतेचा त्रास वेगळा. उन्हात उभ्या काळ्या गाडीचं बॉनेट सहज 60 अंशांच्या वर जातं, त्यावर द्रव टेकला की सॉल्व्हंट उडून जातो आणि पसरायला वेळच मिळत नाही. एरवी लावल्यावर मिनिटभरात पृष्ठभागावर तेलकट इंद्रधनुष्यासारखे रंग उठतात आणि मग पुसून सपाट करायचं असतं, तापलेल्या आणि वर दमटही असलेल्या हवेत हा अवधी अर्ध्या मिनिटावर येतो किंवा त्याहून कमी. उशीर झाला की जिथे माल जास्त राहिला तिथे गडद डाग बसतो, त्याला डिटेलिंगवाले हाय स्पॉट म्हणतात. तो सुरुवातीला ताज्या कोटिंगचा हात फिरवून निघू शकतो, दुसऱ्या दिवशी मात्र पॉलिश मशीनच लावावी लागते. म्हणून इकडे अर्धं बॉनेट एकदम न घेता दीड-दोन फुटांचा चौकोन घ्यायचा, एक जण लावणारा आणि मागे दुसरा पुसणारा, आणि टॉर्च आडवी धरून लगेच बघायचं. फडकी सारखी बदलावी लागतात कारण कोटिंग प्यायलेलं फडकं दमट हवेत लवकर कडक होतं, हातात कुरकुरायला लागलं की ते रंगावर ओरखडे काढतं. बाटलीचंही तेच, उघडली की गळ्याच्या आट्यांवर पांढरट काचेसारखी कड धरते आणि तिचा एखादा कण थेंबाबरोबर पॅनलवर आला तर संपलंच.

जून ते सप्टेंबर उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये हे काम न करणंच बरं, आर्द्रता दिवसचे दिवस 85-90 टक्क्यांच्या आसपास असते. आणि गिऱ्हाईक नेमकं तेव्हाच येतं, गणपतीला गाडी चकचकीत हवी असते ना. मग एसीची खोली हा मार्ग, पण त्यात एक फसवणूक आहे: 22 अंशाच्या खोलीत रात्रभर ठेवलेली गाडी सकाळी बाहेर काढली की बाहेरचा दवबिंदू 26, दोन मिनिटांत अख्खी गाडी घामाने न्हाते आणि कोटिंग अजून कच्चं असतं. खोलीचं तापमान बाहेरच्या जवळ ठेवून नुसता ओलावा काढणारं यंत्र लावणं जास्त शहाणपणाचं, आणि लाईट जाणार हे गृहीत धरून त्याला बॅकअप. इन्फ्रारेड दिव्याने पॅनल तापवून पक्कं करतात तेही चालतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात बरा. तेव्हाही पहाटे दव पडतं त्यामुळे उजाडल्या उजाडल्या सुरू करू नये, पत्रा हवेच्या तापमानाला आला की मग, आणि दुपारी खारे वारे जोरात सुटायच्या आत मोठी पॅनल उरकावीत. मार्चमध्ये पूर्वेचे वारे लांबले की हवा कोरडी पण पत्रा भयंकर तापतो, त्या दिवसांत संध्याकाळ.

मीठ हा किनाऱ्याचा खास विषय. साधं मीठ साधारण 75 टक्के आर्द्रतेच्या वर स्वतःच हवेतलं पाणी ओढून विरघळतं, त्यामुळे मालवण किंवा दापोलीला समुद्राजवळ उभी राहणारी गाडी वरून कोरडी वाटली तरी मिठाच्या पापुद्र्याखाली ओली असू शकते. नीट धुऊन त्याच दिवशी, झाकलेल्या जागेत कोटिंग घेतलेलं बरं, रात्रभर बाहेर ठेवून सकाळी नको. आंब्याखालच्या गाड्यांवर तुडतुड्यांचा चिकटा असतो, तो क्ले मारायच्या आधी कोमट पाण्याने भिजवून काढतात. जांभ्याची लाल धूळ कोरडी पुसू नये, एवढंच.

बाटलीवरच्या 9एचबद्दल थोडं. तो पेन्सिल कठीणतेचा आकडा आहे, 9एच पेन्सिलीने ओरखडा पडला नाही इतकाच अर्थ, खनिजांच्या मोह्स मोजपट्टीवरचा 9 नव्हे. हायवेवरचे खडे त्याला जुमानत नाहीत.

लावल्यावर पहिले 24 ते 48 तास पाणी लागू द्यायचं नाही आणि आठवडाभर शाम्पू नाही असं बहुतेक कंपन्या सांगतात. दमट हवेत वरचा थर लवकर हाताला कोरडा लागतो म्हणून हा अवधी कमी करू नये, आतली जाळी तेवढ्यात पुरी होत नाही. चॅसी आणि दाराच्या खालच्या कडा यांच्या गंजावर या कोटिंगचा काही उपयोग नाही, त्यासाठी अंडरबॉडीचं अँटी-रस्ट कोटिंग वेगळं करून घ्यावं लागतं.