ईसीएम गेला, असे म्हणण्यापूर्वी

मृग लागला की गोव्यातल्या गॅरेजांत एक वाक्य हमखास कानावर पडू लागते: "ईसीएम गेला", म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर बिघडला. पंधरा-वीस वर्षे जुनी पेट्रोल गाडी पावसात झटके देऊ लागते, चढणीवर दम तोडते, चेक इंजिनचा दिवा कधी लागतो तर कधी विझतो, प्लग बदलून, फिल्टर बदलून आणि गाडीच्या टाकीतला पेट्रोलपंप उघडून झाला तरी दोष हटत नाही, आणि मग ज्याच्या आत कोणी डोकावलेले नाही अशा डॅशबोर्डमागच्या ॲल्युमिनियमच्या डबीवर सगळा ठपका येतो. ही पद्धत सोयीची असली तरी तिच्यात पुरावा कुठेच नाही. इतर काही सापडले नाही, एवढ्यावरून डबी दोषी ठरते.

ही डबी, म्हणजेच ईसीएम किंवा इंजिनाचा कॉम्प्युटर, भारतातल्या छोट्या गाड्यांत सरसकट दिसू लागली ती 2000 साली नवे प्रदूषण निकष लागू झाले तेव्हापासून. हवेत पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर गेला आणि इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी एमपीएफआय इंजिने आली. क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) कुठे आहे, हवेचा दाब किती, थ्रॉटल (हवेची झडप) किती उघडे, पाणी किती तापले, ही माहिती सेन्सरांकडून घ्यायची आणि त्यावरून इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा व ठिणगी नेमकी कधी टाकायची हे ठरवायचे, एवढे तिचे काम. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन नुसते चालू असताना, इंजेक्टर दर खेपेस जेमतेम दोन-तीन मिलिसेकंद उघडतो, यावरून या कामातली बारकाई ध्यानात यावी. मात्र कॉम्प्युटरने इंजिन कधीच पाहिलेले नसते. त्याच्या लेखी इंजिन म्हणजे तारांवरून येणारी काही व्होल्टेजे, आणि ती चुकली की तो चुकीच्या माहितीवर अगदी बरोबर हिशेब करतो.

पाण्याच्या तापमानाचा सेन्सर हे याचे सोपे उदाहरण आहे. त्याच्या आत तापले की रोध कमी होणारा अर्धवाहकाचा तुकडा असतो. 20 अंशांना त्याचा रोध साधारण दोन-अडीच हजार ओहम आणि 80 अंशांना तीनशे ओहमच्या आसपास असतो. त्याची तार उंदराने कुरतडली तर रोध अनंत होतो, आणि कॉम्प्युटरमधले आकडे वाचणाऱ्या स्कॅनरवर मे महिन्यात भर फोंड्यात उणे 40 अंश तापमान दिसते. काही गाड्यांचे कॉम्प्युटर अशा वेळी ठरावीक पर्यायी आकडा धरतात. जे धरत नाहीत ते गोठलेल्या इंजिनाला द्यावे तेवढे पेट्रोल ओततात. गाडी काळा धूर सोडते, आणि कॉम्प्युटर मात्र आपल्या जागी निर्दोष असतो.

म्हणून पहिली तपासणी डबीच्या बाहेरच करायची असते, आणि तिची सुरुवात इग्निशन चालू करून दिव्याकडे पाहण्याने होते. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, चेक इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे. तो लागतच नसेल तर कॉम्प्युटरला वीज पोहोचत नसण्याची शक्यता मोठी असते: फ्यूज, मुख्य रिले, बॅटरीकडून थेट येणारी तार, आणि अर्थ, म्हणजे वीज बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत नेणारी जोडणी. दिव्याचा बल्बच उडालेला असू शकतो, हेही विसरू नये.

यातला अर्थ हा सर्वांत दुर्लक्षित आणि, माझ्या मते, गोव्यात सर्वांत संशयास्पद. वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस आणि समुद्राची खारी हवा यांत तांब्याची थिंबल (तारेच्या टोकाचे कडे) व लोखंडी बोल्ट एकत्र बांधून ठेवले, तर त्यांच्यामध्ये गंज न धरला तरच नवल. माझी स्वतःची 2004 सालची गाडी एका जुलैत बाणस्तारीच्या पुलाच्या अलीकडे तीनदा बंद पडली. गॅरेजने स्कॅनर लावला; धुरातला ऑक्सिजन पाहणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरचा आकडा सतत मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी, असल्याचे सांगत होता, पण काढलेले प्लग काजळीने काळेकुट्ट, म्हणजे मिश्रण उलट घट्ट, पेट्रोल जास्त. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, तेव्हा कॉम्प्युटर भ्रमिष्ट झाला आहे असा निर्णय झाला. किंमत ऐकून मी गाडी घरी आणली.

मल्टिमीटरने तारेचा रोध मोजला तर काहीच सापडले नाही, आणि सापडणारही नव्हते. मीटर रोध मोजताना अगदी क्षीण प्रवाह सोडतो. दहा धाग्यांपैकी एकच धागा शिल्लक असलेली तारसुद्धा त्याला ठणठणीत वाटते. शिवाय मीटरच्या स्वतःच्या तारांचा रोध 0.2 ओहमच्या घरात असतो, आणि दोष लपलेला असतो तो तेवढ्याच आकड्यात: 0.2 ओहममधून 4 अँपियर गेले तर 0.8 व्होल्ट वाटेतच खर्च होतात. म्हणून अर्थ तपासायचा तो इंजिन चालू ठेवून, व्होल्टेजवर. मीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला लावली, लाल तार कॉम्प्युटरच्या कपलरमध्ये (तारांच्या जोडात) मागच्या बाजूने टाचणी सरकवून अर्थच्या पिनेला टेकवली. तेथे 0.1 व्होल्टहून अधिक दिसू नये, मला 0.5 ते 0.8 यांमध्ये हेलकावणारा आकडा दिसला. इंजिनाच्या ब्लॉकवर तोच आकडा 0.03 होता, म्हणजे बॅटरी ते इंजिन हा रस्ता साफ होता आणि खड्डा पुढे होता: इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डवरच्या दहा नंबरच्या एका बोल्टखाली. तो काढला तेव्हा थिंबलीखालून हिरवट भुकटी गळाली.

प्लग आणि स्कॅनर यांचे भांडण मग आपोआप मिटले. ऑक्सिजन सेन्सर घट्ट मिश्रणाला सुमारे 0.9 व्होल्ट आणि पातळ मिश्रणाला सुमारे 0.1 व्होल्ट देतो. माझ्या गाडीतला सेन्सर एका तारेचा. त्याची अर्थची जोडणी त्याच्या अंगातून थेट इंजिनाला मिळते. कॉम्प्युटरचा शून्य मात्र त्या गंजलेल्या बोल्टमुळे 0.8 व्होल्टने वर उचलला गेला होता. जिना चढून गेलेल्या माणसाने तेथून मोजले तर अंगणातले माडही बुटके दिसणार. तसे सेन्सरचे 0.9 कॉम्प्युटरला 0.1 दिसत होते. मिश्रण पातळ आहे असे समजून तो पेट्रोल वाढवत राहिला, आणि वाढवूनही आकडा हलेना.

सेन्सरांना पुरवल्या जाणाऱ्या 5 व्होल्टांची गोष्टही अशीच फसवी आहे. थ्रॉटल, हवेचा दाब वगैरे तीन तारांच्या सेन्सरांना कॉम्प्युटर आपल्या आतून हा नेमका पुरवठा करतो. त्यांतला एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की पुरवठाच कोसळतो, सगळेच सेन्सर एकदम खोटे बोलू लागतात आणि कॉम्प्युटर मेला असे कोणालाही वाटते. येथे युक्ती साधी आहे: मीटर त्या 5 व्होल्टांच्या तारेवर ठेवून सेन्सरांचे कपलर एकेक करून काढत जावे. ज्याचा कपलर काढताच 5 व्होल्ट परत येतात, तो दोषी.

कॉम्प्युटर खरोखर जातच नाहीत, असे मात्र नाही. 1990च्या आसपासच्या काही गाड्यांत आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पाझरतात, आणि तो द्रव सर्किट बोर्डवरचे तांब्याचे पट्टे खाऊन टाकतो. डबी उघडताच मासळीसारखा वास आला तर पुढे फारसे शोधावे लागत नाही. वर्षानुवर्षे तापून आणि निवून डाख तडकतात. विंडशील्डखालची पन्हळ आंब्याच्या पानांनी तुंबली तर पाणी डॅशबोर्डमागे उतरते, आणि ओल, क्षार व व्होल्टेज हे तिघे एकत्र आले की शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये धातूचे केसासारखे फाटे वाढू लागतात. हे फाटे वाळल्यावर शांत असतात, दमट हवेत जोडले जातात. पावसात बिघडणारी आणि उन्हात सुधारणारी गाडी अशीही असू शकते.

अशा वेळी डबीवर आरोप ठेवायचा तर तो तिच्या पिनांवर सिद्ध झाला पाहिजे. इंजेक्टरच्या एका टोकाला कायम 12 व्होल्ट असतात आणि दुसरे टोक कॉम्प्युटर क्षणभर अर्थला जोडतो. वीज व अर्थ ठीक आहेत, क्रँक सेन्सरचा सिग्नल पिनेपर्यंत पोहोचतो आहे, तार अखंड आहे, इंजेक्टरचा रोध ठरल्याप्रमाणे (बहुतेक जुन्या गाड्यांत 12 ते 16 ओहम) आहे, आणि तरीही सेल्फ मारताना त्या पिनेवर टेस्ट लॅम्प लुकलुकत नाही, तर आतला ट्रान्झिस्टर गेला असे म्हणता येते. मात्र तो का गेला हे पाहिल्याशिवाय नवा बसवू नये. शॉर्ट झालेली कॉइल किंवा आयडल व्हॉल्व्ह नव्या कॉम्प्युटरलाही त्याच वाटेने पाठवतो.

स्क्रॅपमधला कॉम्प्युटर आणून "लावून बघू" म्हणणाऱ्यांविषयी माझी तक्रार वेगळी आहे. इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत किल्लीशी ओळख करून दिल्याशिवाय परका कॉम्प्युटर इंजिन सुरूच होऊ देत नाही, आणि पार्ट नंबर एका अक्षराने वेगळा असला तरी हिशेब वेगळा असू शकतो, हे तर झालेच. त्याहून मोठी फसगत अशी की, डबी बदलताना कपलर उपसून पुन्हा बसवला जातो, त्यात पिनांवरचा गंज घासला जातो आणि गाडी चालू लागते. श्रेय नव्या डबीला मिळते. ती काढून जुनी डबी पुन्हा बसवावी आणि दोष परत येतो का ते पाहावे, ही दहा मिनिटांची गोष्ट. पण चालू लागलेल्या गाडीला पुन्हा बंद पाडायला कोणी तयार होत नाही.

मी बोल्ट आणि थिंबल पॉलिश पेपरने चकचकीत घासली, ग्रीस लावले, आवळले, मीटरवर 0.04 दिसले. मग तोच बोल्ट दोन आटे मुद्दाम सैल केला. आकडा वर चढला, स्कॅनरवर मिश्रण पुन्हा पातळ झाले, आणि दीड मिनिटात इंजिन बंद पडले.