आरईआयचे ३० डॉलर दरवर्षी भरावे लागत नाहीत

अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळींत एक समज पक्का बसलाय: आरईआय या डोंगर-भटकंतीचं सामान विकणाऱ्या सहकारी संस्थेतून तंबू, बूट घ्यायचे तर कॉस्टको या दुकानासारखी दरवर्षी फी भरायची. तसं नाही. खरेदी कुणीही करू शकतं. सभासद व्हायचं तर ३० डॉलर एकदाच भरायचे, सभासदत्व आयुष्यभराचं. वर संचालक मंडळाच्या निवडणुकीत मतही मिळतं.

दुसरा गैरसमज सभासदांना दरवर्षी परत मिळणाऱ्या दहा टक्क्यांचा. ते भांडवलावरचं व्याज नव्हे. वर्षभरात पूर्ण किमतीला जे घेतलं, त्यातल्या बहुतेक वस्तूंवर ते मिळतात. सवलतीतल्या मालावर नाही. ऊस घालेल त्या प्रमाणात पैसे, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही!

संस्था सुरू झाली तीही अशा खरेदीतूनच. सिएटलच्या लॉइड अँडरसन यांनी ऑस्ट्रियातून बर्फकुऱ्हाड मागवली, टपालखर्चासह साडेतीन डॉलरला. मग मित्रांनाही तशीच हवी झाली. १९३८ मध्ये लॉइड आणि मेरी या दांपत्याने गिर्यारोहक सोबत्यांना घेऊन संस्था काढली, तेव्हा सभासद फी होती एक डॉलर. पुढे १९६३ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचलेले पहिले अमेरिकन जिम व्हिटेकर इथलेच कर्मचारी. नंतर ते संस्थेचे प्रमुखही झाले.