एक दलघमी म्हणजे किती पाणी?

पावसाळ्यात जळगावच्या पेपरात गिरणा-हतनूर धरणांच्या साठ्याची बातमी येते: इतके दलघमी पाणी. म्हणजे दशलक्ष घनमीटर. शब्द इतका सुटसुटीत, की त्यात पाणी दिसतच नाही.

एका घनमीटरात १,००० लिटर मावतात. दशलक्ष म्हणजे एकावर सहा शून्यं, दहाचा सहावा घात; हजार म्हणजे तिसरा. त्यातले सहा आणि तीन हे घातांक. गुणाकारात घातांकांची बेरीज होते, म्हणून नववा घात. एक दलघमी म्हणजे १०० कोटी लिटर.

‘दहाचा शून्य घात एक’ हे आपण शाळेत घोकतो, पण मनातून तो शून्यच वाटत राहतो. म्हणून हे एक दलघमी पाणी रावेरच्या हेक्टरभर केळीच्या शेतात, चहूबाजूंनी भिंती घालून उभं करू. हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, चौथा घात. भागाकारात घातांक वजा होतात: सहातून चार गेले, उरले दोन. पाणी १०० मीटर उंच! दहा हेक्टरवर पसरलं तर १० मीटर, घातांक एक. शंभर हेक्टर म्हणजे एक चौरस किलोमीटर, चौरस मीटरांत सहावा घात. सहातून सहा गेले, घातांक शून्य. पाणी संपलं का? छे, चांगलं मीटरभर उभं आहे. दहाचा शून्य घात एक, तो असा.

आता इथे थांबायचं कारणच नाही. जमीन दहापट झाली, की घातांक एकाने उतरतो आणि थर दहाव्या हिश्शाचा होतो. १,००० चौरस किलोमीटर म्हणजे चौरस मीटरांत नववा घात. घातांक उणे तीन, पाणी एक मिलिमीटर. घातांक उणे झाला म्हणून पाणी उणे होत नाही, थर पातळ होतो एवढंच. पर्जन्यमापकातला मिलिमीटर तो हाच. जळगाव जिल्हा सुमारे ११,७०० चौरस किलोमीटरचा; जिल्हाभर सरसकट एक मिलिमीटर पडला, तरी जवळपास १२ दलघमी पाणी उतरतं.

दहापटीची ही शिडी याच जिल्ह्याला जुनी ओळखीची. चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ सालचा शिलालेख आहे. बाराव्या शतकातले गणिती भास्कराचार्य यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाची त्यात नोंद आहे. भास्कराचार्यांनी ११५०च्या ‘लीलावती’ या गणिताच्या ग्रंथात एक, दश, शत पासून परार्धापर्यंत नावं दिली, प्रत्येक आधीच्याच्या दहापट. या नावांत अणुबॉम्बची गुपितं शोधणारे संदेश मोबाईलवर फिरतात, त्यात तथ्य नाही. घातांक डोक्यावर बारीक लिहिण्याची पद्धतही फ्रेंच गणिती देकार्तची, १६३७ची. भास्कराचार्यांचं मोठेपण त्या दहापटीच्या शिडीत आहे. तिला पायऱ्या अठरा, पण परार्ध दहाचा सतरावा घात. कारण पहिली पायरी, ‘एक’, शून्य घाताची आहे.