चोक गेला, सवय राहिली

आमच्या सोसायटीत सकाळी सव्वासातला एक गाडी सुरू होते आणि साडेसातच्या सुमाराला निघते. मधल्या वेळात शेजारचे काका काच पुसतात, डॅशबोर्डवरच्या गणपतीला फूल वाहतात, वॉचमनशी दोन शब्द बोलतात. इंजिन चालूच असतं. विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं, "अरे, जरा तापू दे. थंड इंजिन पळवू नये." गाडी दोन वर्षांपूर्वी घेतलेली, पेट्रोलची, बीएस-सहा, म्हणजे धुराच्या नव्या नियमांत बसणारी. सवय मात्र पद्मिनीच्या काळातली आहे, आणि त्या काळात ती अगदी बरोबर होती.

पद्मिनी म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून निघणारी गाडी. १९६४ मध्ये ती फियाट ११०० डिलाइट म्हणून आली, नाव पुढे बदललं. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर आणि इंजिनाला पेट्रोल पाजायला कार्ब्युरेटर. गाडी तापवण्याच्या रिवाजाचं मूळ या कार्ब्युरेटरमध्येच आहे.

कार्ब्युरेटरला डोकं नसतं. हवेची वाट एका ठिकाणी अरुंद केलेली असते. तिथून हवा जोरात ओढली जाते, दाब उतरतो आणि बारीक जेटमधून पेट्रोल शोषलं जाऊन हवेत मिसळतं. एवढंच त्याचं काम. इंजिन थंड आहे की गरम, याचा त्याला पत्ता नसतो. पेट्रोल नीट जळायचं तर एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते. पण जळतं ते वाफ झालेलं पेट्रोल. थंड इंजिनात आत ओढलेल्या पेट्रोलचा बराचसा भाग मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीच्या, गार भिंतींवर थेंब होऊन चिकटतो आणि सिलिंडरपर्यंत पोचते ती नुसती फिकी हवा. गाडी एक-दोनदा खोकते आणि बंद पडते. त्यावरचा उपाय म्हणजे चोक. हवेच्या वाटेवर एक झडप असते, ती ओढली की हवा कमी आणि पेट्रोल जास्त. दहा थेंबांतले आठ भिंतीला चिकटले तरी दोन पोचतील, असा तो हिशेब.

चोक ओढून गाडी सुरू झाली तरी लगेच निघता येत नसे. निघालात तर पहिल्या वळणावर झटके, चढावर दम तुटणं, सिग्नलला बंद पडणं, हे सगळं ठरलेलं. चोक फार वेळ ओढलेला राहिला की धूर काळा आणि प्लग ओले. त्याहून वाईट म्हणजे न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली चेंबरमध्ये उतरायचं आणि ऑइल पातळ व्हायचं. रिंगा आणि बोअर लवकर झिजायचे, मग मिस्त्री म्हणायचा, "काम काढावं लागेल." म्हणून हळूहळू चोक आत ढकलत, इंजिनाचा आवाज ऐकत, थोडी रेस देत मॅनिफोल्ड गरम होईपर्यंत थांबायचं. चोक कधी पूर्ण आत ढकलायचा हे कानाने ठरवायचं असे आणि ज्याला ते जमे तो खरा ड्रायव्हर.

हे कौशल्य आपल्याकडे आलं तेही उसनं. अमेरिकेत १९०८ मध्ये निघालेल्या फोर्ड मॉडेल टी गाडीला समोर हँडल मारायला लागायचं आणि रेडिएटरपाशी चोकची एक तार बाहेर आलेली असायची. एका हाताने तार ओढायची, दुसऱ्याने हँडल फिरवायचं. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगने बसवलेला इलेक्ट्रिक स्टार्टर आला आणि हँडल मागे पडलं. चोक मात्र पुढे कित्येक दशकं टिकला.

महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत हा धडा चारचाकीआधी स्कूटरवर गिरवला गेला. आकुर्डीला बनणारी चेतक ज्यांच्या घरी होती त्यांना तो विधी अजून आठवेल: सीटखालचा पेट्रोलचा कॉक उघडायचा, शेजारचा चोक ओढायचा, किक मारायची. नाही झाली तर स्कूटर एका बाजूला आडवी करायची, मिनिटभर तशीच धरायची, उभी करायची आणि पुन्हा किक. पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत उतरावं म्हणून ही कसरत. आमचे बाबा सुरू झालेली चेतक अंगणात तशीच भुरभुरत ठेवून आत चपला घालायला यायचे. बंद पडली तर दोष आमचा, कारण आम्ही "नुसते बघत उभे" असायचो.

डिझेलचं गणित वेगळं, पण त्यानेही हाच समज पक्का केला. जुन्या जीपला नि टेम्पोला सकाळी हीटर द्यावा लागे. म्हणजे सिलिंडरमधले ग्लो प्लग काही सेकंद तापवायचे आणि मग सेल्फ मारायचा. एसटीच्या मुक्कामाच्या गाड्या तर गावात उतारावर लावून ठेवत, सकाळी सेल्फ लागला नाही तर ढकलायला नको म्हणून. पहाटेच्या डेपोत गाडी घरघरत असते आणि ड्रायव्हर चहाला गेलेला असतो, हे चित्र सगळ्यांनी पाहिलंय. त्यातल्या थांबण्याला खरं कारण आहे. या गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात. टाक्यांत पुरेशी हवा भरल्याशिवाय गाडी हलवणं धोक्याचं, आणि हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावरच फिरतो. प्रवाशाला वाटे ड्रायव्हर इंजिन तापवतोय. ड्रायव्हरचं लक्ष असे हवेच्या काट्यावर. गंमत अशी की नुसतं उभं राहून डिझेल इंजिन फारसं तापतच नाही. आयडलिंगला त्यात इंधन अगदी थोडं आणि हवा भरपूर जाते, त्यामुळे ते तासभर घरघरलं तरी कोमटच.

मग कार्ब्युरेटर गेला कसा? चोकचा कंटाळा आला म्हणून नाही. त्याला हवेच्या प्रदूषणाने घालवलं.

जर्मनीत बॉशने १९६७ मध्ये फोक्सवॅगनसाठी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बाजारात आणलं, तेही कॅलिफोर्नियातल्या धुराच्या कडक नियमांकडे पाहून. १९७६ च्या व्होल्व्होमध्ये धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आला आणि इंजिनाला पहिल्यांदाच स्वतःच्या चुका कळू लागल्या. आपल्याकडे हे सगळं पोचायला बराच वेळ लागला. १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८०० कितीही नवी वाटली तरी चोकचीच होती. १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिसं असलेल्या पेट्रोलने कन्व्हर्टर निकामी होतो, म्हणून बिनशिशाचं पेट्रोल आलं आणि फेब्रुवारी २००० पासून शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं. त्याआधी, एप्रिल १९९९ मध्ये, दिल्लीच्या हवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरातल्या नव्या गाड्यांना युरो-दोन या धुराच्या मर्यादा पाळायची मुदत घालून दिली. मुंबईत तो टप्पा २००१ मध्ये आला. ज्याला इंजिनाचं तापमान कळत नाही अशा कार्ब्युरेटरला हे आकडे झेपणारे नव्हते. दोन-तीन वर्षांत गाड्यांच्या डिकीवर 'एमपीएफआय' अशी अक्षरं झळकू लागली. लोकांना वाटलं, ही पिकअपची जाहिरात.

त्या अक्षरांचा अर्थ असा की आता प्रत्येक सिलिंडरपाशी एक इंजेक्टर आहे आणि एक छोटा संगणक पाण्याचं तापमान, हवेचं तापमान, थ्रॉटल किती उघडलाय हे सतत वाचतो. थंडीत पेट्रोल किती जास्त द्यायचं आणि कधी कमी करायचं हे तोच ठरवतो. चोक आत ढकलायचं काम संपलं. दुचाकीवर मात्र चोक टिकून राहिला. एप्रिल २०२० मध्ये बीएस-सहा लागू झाल्यावर तिथूनही कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. म्हणजे आज पंचविशीत असलेल्या मुलानेही कॉलेजात बाइकचा चोक ओढलेला असतो. सवय एवढी चिवट का, याचं हे एक उत्तर.

दुसरं उत्तर ऑइलचं. "रात्रभर ऑइल खाली बसतं, ते वर चढू दे," हे वाक्य पेट्रोलपंपापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत कुठेही ऐकू येतं. ऑइल खाली बसतं हे खरंच, पण पंप ते काही सेकंदांत वर नेतो. डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझतो तेव्हा दाब आलेला असतो. आणि आपली थंडी ती कितीशी? ऑइलच्या डब्यावरच्या २०डब्ल्यू-४० मधला डब्ल्यू विंटरचा, म्हणजे हिवाळ्याचा. २०डब्ल्यू ऑइलची थंडीतली परीक्षा उणे १५ अंशांना होते. आता तर ५डब्ल्यू आणि ०डब्ल्यू आली आहेत, त्यांची उणे ३० आणि उणे ३५ ला. निफाडचा पारा चार अंशांवर आला की वर्तमानपत्रांत द्राक्षांच्या काळजीची बातमी येते. द्राक्षांना ती थंडी आहेच, ऑइलला मात्र तो उन्हाळा.

थंडीचा खरा प्रश्न आपल्या देशात लडाखमध्ये आहे आणि तिथेही तो आधी इंधनाचा आहे. डिझेलमधलं मेण गोठतं, फिल्टर तुंबतो. ड्रायव्हर टाकीखाली आग पेटवून डिझेल पातळ करत, हे वाचतानाही अंगावर काटा येतो. २०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं हिवाळी डिझेल तिथे पाठवायला सुरुवात केली. उलट टोक जर्मनीचं. तिथे वाहतुकीच्या नियमांतच विनाकारण इंजिन चालू ठेवायला बंदी आहे. गाडी सुरू ठेवून काचेवरचा बर्फ खरवडला तरी दंड होऊ शकतो. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींना पहिल्या हिवाळ्यात ही गोष्ट शेजाऱ्याकडून कळते, बहुधा फार प्रेमाने नाही.

म्हणजे गार इंजिन आणि गरम इंजिन यांत फरकच नाही का? आहे. पिस्टन अॅल्युमिनियमचा असतो आणि अॅल्युमिनियम लोखंडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. म्हणून थंड असताना पिस्टन बोअरमध्ये थोडा ढिला असतो, तापल्यावर नीट बसतो. ऑइलही तापेपर्यंत घट्टच असतं. अशा वेळी गाडी दामटली, टर्बो असताना रेस दिली, तर झीज होते. मात्र उभ्या गाडीत ही अवस्था लांबते. इंजिनावर भार नसला की उष्णता कमी निर्माण होते आणि ते रेंगाळत तापतं. हळू चालवलेली गाडी लवकर तापते. शिवाय गिअरबॉक्स, चाकांची बेअरिंगं, शॉकअॅब्सॉर्बर उभ्या गाडीत तापतच नाहीत. लाल दिवा विझला, पट्टा लावला, आरसे पाहिले, एवढ्यात निघायची वेळ झालेली असते. पुढचे दोन-तीन किलोमीटर ॲक्सिलरेटर हलक्या पायाने दाबायचा. जुन्या, अजून कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या गाडीला हे लागू नाही. तिला तिचा वेळ द्यावाच लागतो.

एक गोष्ट मात्र काकांना फसवते आणि मला त्यांची बाजू कळते. सकाळी सुरू केल्यावर नवी गाडी स्वतःच मोठ्या आवाजात गुरगुरते, आरपीएमचा काटा बाराशेच्या वर जातो आणि अर्ध्या-एक मिनिटाने खाली येतो. बघणाऱ्याला वाटतं, गाडीच सांगतेय, "थांब, मी तापतेय." तिला घाई असते ती कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवायची. तो साधारण अडीचशे-तीनशे अंशांना पोचल्याशिवाय काम करत नाही, आणि तोवर धूर जवळजवळ जसाच्या तसा बाहेर पडतो. म्हणून संगणक ठिणगी मुद्दाम उशिरा टाकतो आणि आगीची ऊब सायलेन्सरच्या वाटेला लावतो. सगळ्यात घाण धूर याच पहिल्या मिनिटांतला. आमच्या पार्किंगवर पहिल्या मजल्यावरच्या घराची स्वयंपाकघराची खिडकी उघडते, आणि तिथल्या काकूंनी यावर आपलं मत अनेकदा मोठ्याने मांडलेलं आहे.

पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. काकांच्या गाडीत तर तापमानाचा काटाही नाही. त्याजागी एक निळा दिवा आहे. इंजिन थंड असेपर्यंत तो पेटलेला राहतो. सूचना एवढीच, की तोवर जोर लावू नका. काका तो विझायची वाट पाहत उभे राहतात. परवा मी त्यांच्याबरोबर निघालो तेव्हा पावसाची चिन्हं दिसत होती आणि काच पुसायची राहून गेली, म्हणून आम्ही लगेच निघालो. हळूहळू चाललो होतो. दोन सिग्नल ओलांडले तेव्हा काकांनी डॅशबोर्डकडे बघितलं आणि म्हणाले, "आज लवकर विझला की."